उठता आलं पाहिजे : म्हातारपणातल्या ताकदीची गोष्ट



आज आम्ही ताकदीबद्दल बोलणार आहोत. ताकद म्हटलं की डोळ्यांपुढे कुस्तीचा गडी येतो, नाहीतर पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी येतात. आमचा विषय मात्र आजीच्या ताकदीचा आहे. साठी, सत्तरी, ऐंशी गाठलेल्या माणसाच्या हातापायांत किती बळ असतं, ते कुठे जातं, आणि गेलेलं परत येतं का, हा आजचा विषय.

आधी एक प्रश्न. तुमच्या घरातल्या आजीला जमिनीवरून, हात न टेकता, कोणाचा आधार न घेता उठता येतं का? आपल्या धानोरा तालुक्यात हा प्रश्न लहान नाही. आपला सगळा संसार जमिनीवरचा. चूल खाली, जेवायला बसायचं ते खाली, मोहफुलं वेचायची ती खाली बसून, संडासला बसायचं ते उकिडवं. एसटीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी उंच. ज्या दिवशी खालून उठणं बंद होतं, त्या दिवसापासून माणसाचं जग लहान होत जातं. आधी जंगल सुटतं, मग बाजार सुटतो, मग शेजारणीचा ओटा सुटतो. शेवटी उरते खाट, आणि तांब्याभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं.

अशा वेळी आपण म्हणतो, "वय झालं, आता असंच चालायचं." हे म्हणणं आजचं नाही. फार जुनं आहे, आणि मोठमोठ्या शहाण्या माणसांनीही ते म्हटलेलं आहे. ते खरं नाही, हे कळायला जगाला फार वेळ लागला. कसं कळलं, तेच आज सांगतो.

जुने वैद्य काय म्हणत

आपल्याकडच्या आयुर्वेदात व्यायामाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. चरकसंहिता हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात व्यायाम म्हणजे काय, हे सांगितलं आहे : शरीराची जी हालचाल शरीराला स्थिर करते आणि बळ वाढवते, ती व्यायाम. आणि ती मापात करावी. स्थिरपणा आणि बळ, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

सुश्रुताने मापही सांगितलं. आपल्या ताकदीच्या निम्म्याएवढाच व्यायाम करावा. निम्मी ताकद झाली हे कळायचं कसं? तर नाकाने चालणारा श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावं. किती सोपी खूण आहे पाहा. घड्याळ नको, यंत्र नको.

पण पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात व्यायाम कोणी करू नये, याची यादी येते. वात-पित्ताचे रोगी, लहान मूल, अजीर्ण झालेला माणूस, आणि म्हातारा माणूस. म्हणजे म्हाताऱ्याला आजाऱ्याच्या रांगेत बसवलं. त्या काळात साठीपर्यंत पोचणंच अवघड होतं, पोचलेला माणूस जपावा असं वाटणं साहजिक होतं. पण त्या मायेच्या सल्ल्यातूनच "आता हलू नका, आता बसा" ही रीत घट्ट झाली. हजार-दीड हजार वर्षं ती टिकली.

तालीम पुरुषांची, ढेकी बाईची

ताकद कमवण्याची मराठी मुलखातली जागा म्हणजे तालीम. मारुतीची मूर्ती, लाल माती, जोर, बैठका, मुद्गल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. आपल्या विदर्भात १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा या मंडळाचे लोक आपले देशी खेळ दाखवायला तिथवर गेले. विदर्भाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण तालमीच्या दारातून आत कोण जायचं? तरणा पुरुष. लग्न झालं, संसार लागला, की तोही बाहेर पडायचा. म्हातारा वस्ताद कडेला बसून शिकवायचा. बाईला तर दारच नव्हतं.

मग बाईची ताकद कुठे घडत होती? घरात आणि शेतात. आपल्या धानाच्या मुलखात ढेकी होती. नव्या सुनांनी कदाचित पाहिलीही नसेल, म्हणून सांगतो. लाकडाचा लांब जड ओंडका. एका टोकाला खाली मुसळ बसवलेलं, ते जमिनीतल्या उखळात पडायचं. दुसऱ्या टोकावर पाय देऊन दाबायचं, की मुसळ वर जातं. पाय सोडला, की धपकन धानावर पडतं. दोघीजणी पायाने ढेकी चालवायच्या, तिसरी उखळापाशी बसून दोन घावांच्या मध्ये हाताने धान वर-खाली करायची. मांडी, पिंडरी, कंबर, सगळं कामाला लागायचं. जात्यावर दळताना खांदे आणि पाठ. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चालताना मान ताठ आणि पाय सावध. आजची शहरातली माणसं पैसे भरून जी कसरत करतात, तिचे बरेचसे प्रकार यात होते.

हे काम बाईच्या हातून कधी गेलं? यंत्राच्या भातगिरण्या आणि पिठाच्या गिरण्या आल्या, त्या आधी शहरांत, मग बाजारगावांत, मग खेड्यांत. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं ठिकाण, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहणारे. हातसडीचा तांदूळ खा, असा प्रचार या संघाने केला. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण वरचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर सत्त्वही जातं, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. खेड्यातल्या हातांचं काम जातं, हेही खरं होतं.

पण ढेकी गेली म्हणून आम्ही रडणार नाही. पहाटे तीनला उठून कांडणाऱ्या बाईला विचारा, गिरणीने तिला काय दिलं ते. झोप दिली. जात्यावरच्या ओव्या गोड वाटतात, पण त्या पहाटेच्या अंधारात थकवा विसरण्यासाठीच गायल्या गेल्या. ढेकी गेली हे बरंच झालं. प्रश्न एवढाच की ढेकीबरोबर पायांचं जे काम गेलं, त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

औंधचे राजे

तालमीबाहेर, घरातल्या घरात, कुठल्याही वयात ताकद राखता येते, असं ठासून सांगणारा एक मराठी माणूस होऊन गेला. सातारा-सांगलीकडे औंध नावाचं छोटं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी तालीम केली. त्या काळी युजेन सँडो नावाचा युरोपातला बलदंड माणूस जगभर गाजत होता, १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही खेळ दाखवून गेला. राजेसाहेबांनी या सँडोच्या पद्धतीचीही कसरत काही वर्षं केली. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि तिथेच राहिले.

वय चाळिशीपुढे गेलं, साठी आली, तरी रोजचे नमस्कार चालूच. १९२८ च्या सुमारास त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. औंधच्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले. राणीसाहेबही नमस्कार घालत. १९३८ साली, राजेसाहेब सत्तरीत असताना, त्यांच्या पद्धतीचं इंग्रजी पुस्तक विलायतेत छापलं गेलं. १९५१ साली, ब्याऐंशी वर्षांचे होऊन ते वारले.

राजाच्या घरी दूध-तूप होतं, आणि पाठीवर मोळी नव्हती, हे आपण विसरायचं नाही. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. हातात काही साधन नसलं, तरी आपल्याच अंगाचं वजन उचलून, वाकवून, सरळ करून बळ राखता येतं.

खाटेवरून उठवणारी डॉक्टरीण

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ. कारण म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उठवण्याची मोठी धडपड तिकडे एका बाईने केली.

तिचं नाव डॉक्टर मार्जरी वॉरेन. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात तिच्याकडे एक काम आलं. शेजारी गरिबांसाठीचं जुनं आश्रयघर होतं. तिथले सातशेहून अधिक रुग्ण तिच्या हवाली झाले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. त्यांना जेवण मिळे, अंथरूण मिळे. यातून ते उठतील असं मात्र कोणाच्या मनातही नव्हतं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं. लक्षात आलं, की यातले पुष्कळजण आजारामुळे पडून नाहीत. पडून राहिल्यामुळे ते आजारी आहेत. तिने त्यांना खाटेवर बसवलं, मग खुर्चीवर, मग उभं केलं, मग कठड्याला धरून चालवलं. खोल्यांचा रंग बदलला, उजेड आणला. कितीतरी माणसं चालू लागली, काही आपापल्या घरी परत गेली. पुढे म्हाताऱ्यांच्या वैद्यकाची ती आई म्हणून ओळखली गेली.

१९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरने खाटेवर पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला, तो फार गाजला. पडून राहिलं की रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, हाडं ठिसूळ होतात, स्नायू वाळतात, मन खचतं. तोवर डॉक्टर प्रत्येक दुखण्याला "आराम करा" हेच औषध देत होते.

त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेतल्या शिकागोत थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले सैनिक महिनोन्‌महिने अशक्त राहत. डिलॉर्मने त्यांना पायाने वजन उचलायला लावलं. आज जेवढं झेपतं तेवढं, ते सोपं झालं की थोडं जास्त, मग आणखी थोडं. सैनिक लवकर बरे होऊ लागले. १९४५ साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. वजन हळूहळू वाढवत न्यायचं, हा नियम तिथून दवाखान्यात आला.

हा नियम तसा जुनाच. ग्रीस देशात मायलो नावाच्या पहिलवानाची गोष्ट सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू रोज थोडं वाढायचं, त्याबरोबर याची ताकदही वाढायची. शेवटी बैल झाला, तरी तो उचलतच होता. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, तिच्यातला हिशेब खरा आहे.

नव्वदीतले दहाजण

तरीही एक शंका शिल्लक होती. सैनिक तरुण होते. म्हाताऱ्याच्या वाळलेल्या मांडीत बळ परत येईल का? आणि वजन उचलताना काही झालं तर?

वयाबरोबर स्नायू कसा झिजतो, हे तोवर दिसलं होतं. तिशी-चाळिशीनंतर तो हळूहळू कमी होतो, साठीनंतर वेगाने. ठेच लागल्यावर पटकन पाय सावरणारे जे चपळ तंतू असतात, ते आधी जातात. म्हणून म्हातारं माणूस ठेचकाळलं की पडतंच. बाईची पाळी गेल्यावर हाडंही ठिसूळ होतात, म्हणजे पडणं आणि मोडणं एकत्र येतं. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिलं. त्याचा अर्थ मांस घटणं. नाव मिळालं, की दुखण्याकडे लोक बघायला लागतात.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डॉक्टर मारिया फियाटारोन या बाईने धाडस केलं. वृद्धांच्या रुग्णालयात राहणाऱ्या दहा माणसांना तिने तयार केलं. वय ८६ ते ९६. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, त्यांना पायाने वजन उचलायला लावलं. पोरखेळासारखं हलकं वजन ठेवलं नाही. त्यांच्या मानाने चांगलं भारी ठेवलं, पण शेजारी उभं राहून, बेताबेताने वाढवत नेलं. नऊजणांनी ते पूर्ण केलं. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे एक किलो उचलणारा पाय पावणेतीन किलो उचलू लागला. दोघांनी काठी टाकली. व्यायाम थांबवला तशी काही आठवड्यांत कमावलेली ताकद उतरू लागली, हेही तिने नोंदवून ठेवलं.

१९९४ साली तिने शंभर माणसांवर तेच केलं, सरासरी वय ८७. या वेळी चार गट केले. एकाला व्यायाम, एकाला ताकदीचं पौष्टिक पेय, एकाला दोन्ही, एकाला यातलं काही नाही. दहा आठवड्यांनी पाहिलं. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली, जिना चढणं सुधारलं, चालीचा वेग वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांची ताकद वाढली नाही.

बायांनो, हे नीट ऐका. आपल्याकडे म्हातारीला अशक्तपणा आला की काय करतात? सलाईन लावतात. लाल रंगाची टॉनिकची बाटली आणतात. तेंदूपत्त्याचे पैसे त्यात जातात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर सलाईन जीव वाचवतं, रक्त कमी असेल तर गोळ्या लागतातच. पण मांडीतलं बळ बाटलीतून येत नाही. ते मांडीला काम दिल्यानेच येतं.

तिसरी गोष्ट न्यूझीलंड देशातली, आणि ती खास बायांची. १९९७ साली तिथल्या डॉक्टरांनी ८० वर्षांपुढच्या २३३ बाया निवडल्या. निम्म्यांच्या घरी व्यायाम शिकवणारी व्यक्ती गेली, आणि पायांच्या ताकदीचे व तोल सांभाळण्याचे सोपे प्रकार घरच्या घरी शिकवून आली. निम्म्यांना नुसती भेट दिली. वर्षभर पडण्याची नोंद ठेवली. नुसती भेट मिळालेल्या बाया मिळून १५२ वेळा पडल्या. व्यायाम करणाऱ्या ८८ वेळा. दोन हजार वर्षांपूर्वी चरकाने सांगितलेले दोन शब्द आठवा : स्थिरपणा आणि बळ.

२०१५ साली आपल्या देशासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या मुठीची ताकद मोजली, त्याचे निष्कर्ष आले. ज्यांची मूठ ढिली, त्यांना मरणाचा धोका जास्त. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही मुठीने तो इशारा चांगला दिला. ओलं लुगडं पिळताना आजीचा हात कसा चालतो, याच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघा.

मग आपण राबतो ते काय कमी?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. ज्या बाईने चाळीस वर्षं रोवणी केली, मोळ्या आणल्या, तिला कसरत शिकवायची म्हणजे मासोळीला पोहणं शिकवण्यासारखं नाही का?

कष्ट आणि कसरत यांत फरक आहे. पहिला फरक मापाचा. कसरतीत भार आपल्या बेताने वाढतो. मोळीचं वजन चुलीच्या गरजेने ठरतं, आपल्या गुडघ्याने नाही. दुसरा फरक आरामाचा. स्नायू कामाने थकतो आणि विश्रांतीत बळकट होतो. रोवणीत बाई दिवसभर वाकलेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधीत. तिसरा फरक अंगाचा. रोवणीत कंबर एकाच बाजूला ताणली जाते, बाकीचे स्नायू तसेच राहतात. चौथा फरक पोटाचा. घरातली बाई शेवटी जेवते, बहुतेकदा वरण संपल्यावर. स्नायू बनायला डाळ, अंडं, मासोळी, दूध, शेंगदाणे लागतात. ते न मिळता नुसतं राबणं म्हणजे घरातलंच लाकूड काढून चूल पेटवणं.

म्हणून राबून राबून बाई घट्ट होते, आणि राबून राबूनच मोडते. आपल्याच तालुक्यात, चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली इथे सर्च संस्थेचं काम सुरू केलं. १९८९ साली त्यांचा एक अभ्यास जगभर गाजला. जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, तेव्हा १०० पैकी ९२ जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं, आणि याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ निघाल्या. बाई सांगत नाही म्हणून तिचं दुखणं नसतं असं नाही, हे जगाने गडचिरोलीकडून शिकलं. पुढे कंबरदुखी आणि सांधेदुखी हाही खेड्यापाड्यातला मोठा प्रश्न आहे, हे याच संस्थेने अभ्यास करून मांडलं. म्हाताऱ्या बाईचं "उठता येत नाही" हे दुखणंही असंच न सांगितलेलं आहे.

आणि ताकदीवर आपला हक्कही टिकून आहे. लेखा-मेंढा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, आपल्या तालुक्याचं नाव देशभर गेलं. बांबू, मोह, तेंदू यांवर गावाचा हक्क आला. पण मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायला आणि टोपली घेऊन उठायला पाय लागतात. ज्या आजीला स्वतः जाता येतं, तिच्या मोहाचे पैसे तिच्याच कनवटीला राहतात.

बारामतीजवळच्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी बारामतीच्या शर्यतीत धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. २०२० साली तिच्यावर सिनेमा आला, त्यात तिनेच आपलं काम केलं. तिच्या पायांचं कौतुक करू तेवढं थोडं. पण औषधाच्या पैशासाठी कोणा आजीला धावावं लागू नये, हेही आम्ही त्याच दमात म्हणतो. आजीने बळ कमवावं ते स्वतःसाठी.

गटाने काय करावं

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं : ६५ वर्षांपुढच्या माणसाने आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा मिळून. यासाठी लागतं ते सगळं आपल्या घरात आहे.

एक, खाटेच्या काठावर किंवा खुर्चीवर बसून उठायचं. आधी हात टेकून, मग हात छातीशी धरून. दोन, भिंतीला हात लावून, वाकून, भिंत ढकलायची. तीन, दाराची चौकट धरून टाचा वर उचलायच्या. चार, ओट्याची एक पायरी चढायची आणि उतरायची. पाच, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली खांद्यापर्यंत उचलायची. सहा, भिंतीशी उभं राहून एका पायावर तोल सांभाळायचा, आणि त्या वेळी शेजारी कोणीतरी असायलाच हवं. तोल सोडून बाकीचा प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. सोपं वाटलं की भार थोडा वाढवायचा, वासराच्या गोष्टीसारखा.

श्वास कोंडून धरायचा नाही. बोलता येणार नाही इतका दम लागला की थांबायचं, सुश्रुताची खूण तीच आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच बंद. हृदयाचं दुखणं, न आटोक्यातला रक्तदाब, नुकतं मोडलेलं हाड असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ. सिकलसेल असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, दमछाक होऊ देऊ नये, पाणी भरपूर प्यावं.

आणि मोजणी ठेवा. १९९९ साली अमेरिकेत एक सोपी परीक्षा ठरली. हात छातीशी धरून, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळा, ७० ते ७४ ला १० वेळा, ८० ते ८४ ला ९ वेळा जमावं. हे आकडे तिकडच्या बायांचे आहेत, आपल्यासाठी अंदाजापुरते. खरी तुलना आपली आपल्याशीच. आज चार वेळा जमलं, दोन महिन्यांनी सहा, तर ती कमाईच.

बचत गटाच्या बैठकीत आपण वहीत कोणाचे किती रुपये जमले ते लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर गटातल्या मोठ्या बायांची नावं घाला, आणि प्रत्येक महिन्याला उठण्याचा आकडा लिहा. ज्या आजी बैठकीला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी दोघीजणींनी जाऊन या. न्यूझीलंडमध्ये तेच केलं होतं. जेवताना आजीच्या ताटात वरण आधी वाढा. आणि ती उठायला लागली, की पटकन हात द्यायला धावू नका. शेजारी उभ्या राहा, तिला तिच्या पायाने उठू द्या. पडली तर धरायचं, एवढंच आपलं काम.

पुढच्या वेळी तुमच्या गटांचे आकडे आम्हाला कळवा, कार्यक्रमात वाचून दाखवू. तोवर राम राम, सेवा जोहार.